देवगडचा उकाडा आणि पिंजऱ्यातला ससा

मे महिन्यात देवगडात हापूसच्या पेट्या भरायची घाई असते. माणसांना बसायला फुरसत नसते, तेव्हा पिंजऱ्यातला ससा पाय ताणून आडवा पडलेला असतो. नाकपुड्या भराभर हलतात, कान गरम लागतात आणि सकाळी घातलेले खाद्य तसेच पडून असते. ही सुस्ती नव्हे. तो तापला आहे.

सशाच्या अंगावर घामाच्या ग्रंथी जवळजवळ नसतातच. कानांतल्या रक्तवाहिन्या रुंदावून तो उष्णता बाहेर टाकतो, थोडी श्वासावाटे घालवतो. त्याला 15 ते 21 अंश हवा मानवते, तिशीपलीकडे त्रास सुरू होतो आणि 35 च्या पुढे शरीराचे तापमान सांभाळणे त्याला कठीण जाते. ‘रानात ससे राहतातच की!’ असे गावात ऐकू येते. पण सह्याद्रीच्या रानातला ससा वेगळ्या जातीचा. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीखाली बिळे करून राहणारे. त्याला आपण पत्र्याखाली ठेवतो.

त्यात कोकणची दमट हवा. इजिप्तच्या झगाझिग विद्यापीठातील मराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तापमान व आर्द्रता एकत्र मोजणारे सशांसाठीचे सूत्र मांडले. त्यात निर्देशांक 27.8 च्या आत असला तर ताण नाही. 30 च्या वर गेला तर ताण अतितीव्र. 33 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता, म्हणजे किनाऱ्यावरची नेहमीची उकाड्याची दुपार, या सूत्रात घातली तर आकडा साडेएकतीस येतो. 20 टक्के आर्द्रतेच्या कोरड्या मुलखात तेवढ्याच ताणासाठी पारा 37 अंशांवर जावा लागतो. देवगडच्या ससेपालकाने नुसता तापमापक पाहून निर्धास्त राहू नये, ते यामुळेच. भारतात सशांवर संशोधन करणाऱ्या सरकारी केंद्रांपैकी कुलूजवळचे गडसा आणि कोडाईकनालजवळचे मन्नवनूर थंड डोंगरांत आहेत. राजस्थानातले अविकानगर उष्ण पण कोरड्या प्रदेशात आहे. कोकणासारख्या दमट किनाऱ्यावर यांतले एकही नाही.

तापलेला ससा खाणे कमी करतो, कारण पचनातूनही शरीरात उष्णता निर्माण होते. खाणे घटले की जीवनसत्त्वे आणि खनिजेही कमी मिळतात, आणि गरज तर याच दिवसांत वाढलेली असते. पूरक आहाराला इथे खरे काम आहे.

सर्वांत परिचित पूरक म्हणजे क जीवनसत्त्व. माणसाला ते बाहेरून घ्यावे लागते, ससा स्वतःच्या यकृतात तयार करतो. मात्र उन्हाळ्यात ते पुरे पडत नाही. पाण्यातून देताना ते रोज ताजे मिसळायला हवे, कारण ऊन, उष्णता आणि धातूच्या भांड्याने ते लवकर नष्ट होते. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पेशींची झीज रोखायला मदत करतात. सेलेनियमची मात्रा थोडी जरी जास्त झाली तरी ते विषारी ठरू शकते, म्हणून ते अंदाजाने देऊ नये. जस्त, बीटेन आणि क्षार यांचेही प्रयोग सशांवर झाले आहेत. परसातला शेवग्याचा पाला तर प्रथिने आणि जीवनसत्त्वे दोन्ही देतो. सुरुवातीला तो थोडाच द्यावा, पोट सरावले की वाढवावा.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. कोंबड्यांसाठीची तयार पूरक पावडर सशाला देऊ नये. त्यात प्रतिजैविके असू शकतात. लिंकोमायसिन किंवा अँपिसिलिनसारखे औषध तोंडावाटे गेले तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावतो. पूरकांची मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

पूरके दिली आणि वर तापलेला पत्रा तसाच राहिला, तर पैसा वाया गेला असेच समजावे. छपरावर नारळाच्या झावळ्या, चारही बाजूंनी खेळता वारा, सावलीत ठेवलेले गार पाणी हे आधी. खाद्याचा मोठा वाटा सूर्य कलल्यावर द्यावा. ससा मुळात तिन्हीसांजेला आणि रात्री खाणारा प्राणी आहे. पाणी मारून गोठा गार करण्याचा उपाय इथे फारसा चालत नाही, उलट दमटपणा वाढतो.

नरांकडे तर अधिकच लक्ष हवे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. त्यामुळे मे महिन्यात तापलेला नर पावसाळा सुरू झाल्यावरही कित्येक आठवडे नीट फळत नाही, आणि दोष मादीवर जातो. मेमध्ये धावाधाव करण्यापेक्षा शिमगा उरकला की छपरावर झावळ्या टाकाव्यात आणि पूरकांसाठी पशुवैद्यकाला गाठावे.