घरकुल मिळाले, दुरुस्तीचे काय?

माझा धाकटा भाऊ सरकारी दाखल्यावर ‘बौद्धिक अक्षम’ आहे. गाव त्याला वेडा म्हणते, आई बाळू म्हणते. वडिलांच्या हयातीत मिळालेल्या इंदिरा आवासच्या घरकुलात दोघे राहतात. पत्रे सडले आहेत, विजेची वायर हाताला लागेल अशी लोंबते. गेल्या पावसाळ्यात आई खुरपणीला गेली असताना बाळू संडासात अडकला. गंजलेली कडी त्याला आतून निघेना. दिवस मावळेपर्यंत तो ओरडत होता.

मी दुरुस्तीसाठी अर्ज केला. कार्यालयात उत्तर मिळाले, “एकदा जातीतून घरकुल घेतलंत ना? मग आता काय?”

हे ‘मग आता काय’ नीट समजून घेतले पाहिजे. इंदिरा आवास योजना १९८५-८६ साली सुरू झाली, ती मुळात अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. ही योजना बेघरांना आणि कच्च्या घरात राहणाऱ्यांना नवे घर देते. ज्याच्या नावावर पूर्वीचे घरकुल आहे तो तिच्या यादीतून बाद होतो, मग ते घरकुल गळो की पडो.

२०१६ च्याच अपंग हक्क कायद्याचे कलम ३७ घरवाटपात ५ टक्के आरक्षण देते. पण तेही वाटपाचेच. मिळालेले घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे तेथे लिहिलेले नाही.

बाळूसारख्याला घर बदलून चालत नाही. हा उंबरा, हा रांजण, ही भिंत त्याने वर्षानुवर्षे हाताने ओळखून घेतली आहे. त्याला हवी आहे बाहेरूनही उघडणारी कडी, झाकलेली वायर, न गळणारे छप्पर. नव्या घराच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. तरीही तो कोणत्याच रकान्यात बसत नाही.

पैसा अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. लहान गावाचे स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. आमच्याकडे त्यातले ५ टक्के माणशी वाटून टाकतात. हाती येते ते औषधालाही पुरत नाही, आणि फोटो मात्र निघतो.

कार्यकर्त्यांनी येथे लक्ष घालावे. ग्रामसभेत दोन्ही निधींचा हिशेब मागावा. वस्तीतल्या अशा घरांची यादी करून, कोणाची कडी, कोणाचे छप्पर, हे ठरावात नावानिशी लिहून घ्यावे. आईवडिलांच्या पश्चात घराच्या कागदावर सही कोण करणार, हाही प्रश्न आहे. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज वेळीच करावा.

आपल्या चळवळीने जमीन मागितली, घर मागितले. पण आपल्याच वस्तीत दाराआड राहिलेल्या या माणसांची मोजदाद आपणही केली नाही. बाळूची कडी मी स्वतः बदलली. मास्तरचा पगार होता म्हणून जमले. शेजारच्या घरात पगार नाही.