कै. विलासराव साळुंखे : मातीची राखण व पाण्याची वाटणी

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेथे पाऊस मुळात थोडा, आणि तोही मोजक्या सरींत कोसळून जाणारा. उघड्या उतारावर पडलेले पाणी थांबत नाही. ते ओढ्याला मिळते आणि जाताना शेताची माती बरोबर नेते. माती गेली की मुरूम उघडा पडतो. मुरमावर पीक येत नाही, आणि पीक नाही म्हणजे माणसाला पोटासाठी गाव सोडावे लागते. त्याचा परिणाम हजेरीपटावर कसा उमटतो, हे अशा गावांतील शिक्षकांना सांगावयास नको.

या दुष्टचक्राला आळा कसा घालता येतो, हे याच तालुक्यात प्रत्यक्ष करून दाखविणारे गृहस्थ म्हणजे कै. विलासराव साळुंखे.

विलासराव हे पुण्यात कारखाना चालविणारे अभियंते. १९७२ च्या दुष्काळात ते या भागात हिंडले. गावोगावची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. त्या मजुरीने त्या वर्षाची भूक भागत होती. परंतु पुढे पाऊस पुन्हा हुकला तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्या खडीत नव्हते. हेच हात माती व पाणी अडविण्यास लागले पाहिजेत, असे विलासरावांच्या मनाने घेतले. केवळ उपदेश न करता त्यांनी १९७४ साली नायगाव येथील देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि पत्नी कल्पनाताई यांच्यासह तेथे कामास आरंभ केला.

त्या कामाची रीत समजण्यास सोपी आहे. उतारावर समपातळीत आडवे बांध घातले म्हणजे धावणारे पाणी चालू लागते आणि चालणारे पाणी मुरू लागते. माती बांधाशी अडते. तरीही जे पाणी खाली येईल ते पायथ्याच्या पाझर तलावात साठवावयाचे. तलावातून झिरपलेले पाणी त्याखालच्या विहिरीत उतरते, आणि विहिरीतून ते उपसून पुन्हा वरच्या शेतांना देता येते. अशा रीतीने एकाच पावसाचा उपयोग दोनदा होतो : एकदा जमिनीत ओल धरून, व दुसऱ्यांदा पिकाला पाणी देऊन. ओसाड माळावर धान्य व झाडे उभी राहिली, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांचा विश्वास बसला.

परंतु विलासरावांचे खरे मोठेपण यापुढे आहे. बांध सर्वांच्या कष्टाने घालावयाचे आणि पाणी मात्र ज्याची जमीन मोठी त्याने घ्यावयाचे, असे झाले तर पुढच्या वर्षी बांध घालावयास कोण येणार? म्हणून त्यांनी ‘पाणी पंचायत’ उभी केली व तिचे नियम बांधून दिले. योजना एकट्याची नसून गटाची असावी. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने द्यावे. दर माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क असावा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाऊ नये. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घेऊ नये. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालावा. पाणी सोडण्यासाठी गटानेच पाटकरी नेमावा.

हे नियम पाळणे सोपे नव्हते. पुढे काही योजना टिकल्या, काही बंद पडल्या. पाणी आले की उसाचा मोह होतो, आणि मोह झाला की वाटणी मोडते. त्यामुळे या विचाराचे मोल मात्र कमी होत नाही. २००२ साली विलासरावांचे निधन झाले. तोवर सुमारे तीस वर्षे ते या एकाच ध्यासाने झटत राहिले.

वर्गात हा विषय दोन प्रकारे घेता येईल. पहिला, प्रयोग. दोन पसरट भांड्यांत माती भरावी. एकीत गवताची ढेपळे लावावीत, दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही सारखी तिरकी धरून झारीने सारखेच पाणी घालावे व खाली वाहून येणारे पाणी काचेच्या पेल्यांत धरावे. कोणते पाणी गढूळ, हे मुलांनीच सांगावे. दुसरा, गणित. चार माणसांच्या कुटुंबास किती एकरांचे पाणी? सात माणसांच्या कुटुंबास साडेतीन येतात, पण मर्यादा कोणती? वीस एकर जमीन असलेल्या तीन माणसांच्या घरास किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दीड एकर येते, तेव्हा एखादा विद्यार्थी ‘हे बरोबर आहे का?’ असे निश्चित विचारील. गुरुजींनी त्याचे उत्तर घाईने देऊ नये. मुलांना आपसात बोलू द्यावे.

बांध कसा घालावा हे शेतकऱ्याच्या मुलाला घरीही शिकता येते. बांधाआड साठलेले पाणी सर्वांचे आहे, हे शिकविण्यास मात्र शाळेसारखी दुसरी जागा नाही. कारण जमीनदाराचे व भूमिहीनाचे मूल एकाच सतरंजीवर बसते ते तेथेच.