सायकलची स्प्रिंग धक्के कधी वाढवते?

मुरुमाच्या रस्त्यावर वाहनांच्या वर्दळीने आडव्या लाटा तयार होतात. त्यांवरून सायकल नेताना हातांना झिणझिण्या येतात आणि वाटते, चाक व फ्रेम यांच्यामध्ये स्प्रिंग असती तर! पण स्प्रिंगने धक्के कमी होतात, ही समजूत अर्धीच खरी आहे.

झोपाळ्याला त्याच्या तालावर हलके धक्के दिले तरी तो उंच जातो. स्प्रिंगवरच्या वजनालाही असा स्वतःचा ताल असतो. दर सेकंदाला होणाऱ्या त्याच्या आंदोलनांची संख्या म्हणजे त्याची नैसर्गिक कंप्रता. ती काढण्याची युक्ती सोपी आहे. स्वार बसल्यावर स्प्रिंगमुळे सीट किती सेंटिमीटर दबते ते मोजा आणि त्या आकड्याच्या वर्गमुळाने ५ला भागा. सीट ४ सेंमी दबली, तर कंप्रता ५ ÷ २ = २.५. (स्वाराचे वजन वेगळे विचारावे लागत नाही, हीच यातली गंमत!)

आता रस्त्यावरच्या दोन लाटांतील अंतर ६० सेंमी धरू. ताशी ५.४ किमी, म्हणजे सेकंदाला १.५ मीटर वेगाने गेल्यास सेकंदाला २.५ धक्के बसतील. रस्त्याचा ताल आणि स्प्रिंगचा ताल जुळला! यालाच अनुस्पंदन म्हणतात. अशा वेळी स्प्रिंगची सायकल साध्या सायकलीपेक्षा जास्त उसळते. धक्क्यांची कंप्रता स्प्रिंगच्या कंप्रतेच्या १.४१ पट (म्हणजे √२ पट) होईपर्यंत स्प्रिंग तोट्याचीच. आपल्या उदाहरणात ताशी ७.६ किमीपर्यंत. त्यापुढे फायदा सुरू होतो. ताशी १२ किमी वेगाला, घर्षण नगण्य धरले तर, रस्त्याच्या हेलकाव्याचा जेमतेम चौथा हिस्सा स्वारापर्यंत पोचतो.

दुसरी अडचण स्वार स्वतःच निर्माण करतो. पायडलचे मिनिटाला ७५ फेरे म्हणजे दोन्ही पायांचे मिळून १५० दाब, सेकंदाला पुन्हा २.५! त्यामुळे गुळगुळीत डांबरी रस्त्यावरही अशी सायकल डुलू लागते आणि पायांची काही ताकद पुढे जाण्याऐवजी वरखाली होण्यात खर्च होते.

म्हणून स्प्रिंगला संदमनाची, म्हणजे आंदोलने जिरवण्याची, जोड लागते. काही सायकलींत हे काम तेलातून सरकणारा दट्ट्या करतो. ब्रिटिश अभियंते ॲलेक्स मोल्टन यांनी मात्र रबर वापरले. १९५९ सालच्या ‘मिनी’ मोटारीची रबरी स्प्रिंग त्यांचीच. १९६२ साली त्यांनी १६ इंची चाकांची सायकल आणली. चाके लहान, त्यांत हवा ठासून भरलेली, म्हणजे हादरे जास्त! मागच्या चाकाचे धक्के त्यांनी रबराच्या ठोकळ्यावर घेतले. रबर दबताना व फुगताना त्याच्या अंतर्गत घर्षणाने थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि डुलणे आवरते. संदमन फार वाढवूनही चालत नाही. मग वेगात असताना जे धक्के स्प्रिंगने अडवायचे, तेच वर पोचू लागतात.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या सीटखाली दोन जाड स्प्रिंगा असतात. त्या फक्त बसणाऱ्याचे वजन झेलतात. हँडलवरच्या हातांना हादरे बसतातच. अशी सायकल मिळाली तर मित्राला सीटवर बसवा, सीट किती दबते ते पट्टीने मोजा आणि तिची कंप्रता काढून पाहा.