परळीची राख आणि आपल्या बॉयलरची राख



ऊस घेऊन आलेले सभासद काट्यापाशी हमखास विचारतात, "परळीच्या राखेच्या विटा निघतात, मग आपल्या बॉयलरच्या राखेच्या का नाहीत?" प्रश्न रास्त आहे.

परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र 1971 पासूनचे. 2013 च्या दुष्काळात पाण्यावाचून ते बंद ठेवावे लागले होते, हे सर्वांच्या स्मरणात असेलच. आपल्या देशी कोळशात राखच फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो उरते. त्यातली पिठासारखी बारीक राख चिमणीच्या अलीकडे विजेने भारलेल्या पत्र्यांवर धरतात. तीच फ्लाय अ‍ॅश. जाड राख पाण्यात कालवून तळ्यात सोडतात.

बारीक राख नुसती भिजवली तर चिखलच होतो. चुना मिळाला की मात्र तिच्यातली सिलिका चुन्याशी जुळते आणि दगडासारखी घट्ट होते. सिमेंट भिजतानाही चुना सुटतो, त्यालाही ती धरते. म्हणून पीपीसी सिमेंटच्या पोत्यात 15 ते 35 टक्के राख असते. ती भेसळ नव्हे, मानकात बसते. घाटघरच्या धरणांच्या काँक्रीटमध्येही राख भरपूर वापरली आहे.

राखेची वीट दाबून पाडतात, तिला भट्टी लागत नाही. पण दोन-तीन आठवडे पाणी मारावं लागतं, आणि आपल्याकडं घोडं इथंच अडतं. पाण्यात काटकसर केली की विटेचे कोपरे झडतात. घेण्याआधी एक वीट वजन करून दिवसभर पाण्यात बुडवावी. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी प्यायली, तर तो माल घेऊ नये. तळ्यातली राख सर्रास वापरलेली असते, तीही विचारून घ्यावी.

आता आपली राख. बगॅसच्या राखेत सिलिका आहे, नाही असं नाही. पण बगॅस ओला. अर्धवट जळून काळा कोळसा राहतो, तो पाणी ओढतो. जाळ फार झाला तर सिलिका गारगोटीसारखी निबर होते आणि चुन्याला दाद देत नाही. शेतातली माती येते ती वेगळीच. चाळून, बारीक दळून घेतली तर सिमेंटच्या दहा-वीस टक्के जागी ती चालते, असं प्रयोगात दिसलं आहे. पण टनभर उसामागे राख पाच-दहा किलोच, हंगाम चार-पाच महिन्यांचा, दळणाचा खर्च वर. त्यापेक्षा प्रेसमडबरोबर कंपोस्टात गेलेली बरी, असं आम्हाला वाटतं. तिच्यातलं पालाश निदान शेतात परत जातं.

विटांसाठी शेतातली वरची माती खणली जाऊ नये, म्हणून केंद्र सरकारनं 1999 साली औष्णिक केंद्रांजवळच्या वीटभट्ट्यांना राख वापरायला लावणारी अधिसूचना काढली. तरी भट्टीवाला रोख पैसे दाखवतो आणि आपण वीतभर सुपीक थर उचलून देतो. पुढं त्याच रानात खोडवा पिवळा पडला की खताला दोष!

परळीहून राख आणणाऱ्यांनी ट्रॉलीवर ताडपत्री बांधावी आणि राख ओलावूनच भरावी. रस्त्याकडेच्या उसावर ती बसते, आणि माणसाच्या छातीतही.