मुदत संपलेली तक्रार

मेट्रो बेलपाड्याला थांबली, दारं उघडली, मिटली. मी आपली बसूनच. फोनवर एक आई कॅमेरावाल्यांसोबत लॉस एंजेलिसच्या हॉटेलात आपल्या मुलीला शोधत होती. शेवटी उत्सव चौकात उतरले आणि ऊन खात चालत मागे आले.

मालिका जुनीच, गायक आर. केलीवरच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांची, ‘सर्व्हायव्हिंग आर. केली’. 2019च्या जानेवारीत अमेरिकेत तीन रात्रींत तिचे सहा भाग दाखवले गेले. गंमत म्हणजे तिच्यातलं बरंचसं आधीच छापून आलेलं होतं. गायिका आलियाशी केलीनं 1994मध्ये लग्न केलं तेव्हा ती पंधरा वर्षांची. कागदावर वय अठरा. 2000 साली ‘शिकागो सन-टाइम्स’नं अल्पवयीन मुलींच्या तक्रारींची बातमी दिली. 2002मध्ये एका चित्रफितीवरून खटला भरला गेला. पण जिच्यामुळे तो भरला ती मुलगी साक्षीला आलीच नाही आणि 2008मध्ये केली निर्दोष सुटला.

मग मालिकेनं वेगळं काय केलं? एक बाई सांगते, जेवायला, अगदी बाथरूमला जायलाही परवानगी लागायची. दुसरी, वेगळ्या काळातली, तेच सांगते. मग तिसरी. एकटीचं बोलणं ‘असेल काही तिचा स्वार्थ’ म्हणून झटकता येतं. चौथीपाशी पोचेपर्यंत बघणाराच पुढचं वाक्य ओळखू लागतो. मालिकेनंतर शिकागोच्या सरकारी वकील किम फॉक्स यांनी पीडितांना पुढे येण्याचं जाहीर आवाहन केलं आणि दीडेक महिन्यात नवे आरोप दाखल झाले. 2021मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयानं केलीला दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी 30 वर्षांची शिक्षा झाली. 2008मध्ये न आलेली ती मुलगीही 2022मध्ये शिकागोत साक्ष देऊन गेली.

अशी प्रत्येक मालिका मला पटते असं नाही. मायकल जॅक्सनवरच्या आरोपांची ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ आली तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं होत आली होती. त्याआधी 2005मध्ये ज्युरीनं त्याला एका वेगळ्या खटल्यात निर्दोष सोडलं होतं. त्याच्या बाजूनं बोलणारं त्या चार तासांत जवळपास कुणी नाही.

आपल्याकडचं एक प्रकरण मात्र न्यायालयात खरं-खोटं ठरण्यापर्यंत पोचलंच नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’च्या सेटवर 2008मध्ये गाण्याच्या चित्रीकरणात गैरवर्तन झालं, असा आरोप अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी नाना पाटेकर यांच्यावर केला, पाटेकरांनी तो कायम नाकारला. दत्ता यांची मुलाखत 2018मध्ये गाजली, तेव्हा ‘सिंटा’ या कलाकारांच्या संघटनेनं 2008ची तक्रार नीट हाताळली नाही म्हणून माफी मागितली. त्याच दमात सांगितलं, तीन वर्षांपूर्वीचं प्रकरण आमच्या घटनेनुसार पुन्हा उघडता येत नाही! ओशिवरा पोलिसांनी गुन्हा नोंदवला खरा, पण 2019मध्ये त्यांनी ‘बी समरी’, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल दिला. त्याला दत्ता यांनी आव्हान दिलं. 2025च्या मार्चमध्ये अंधेरीच्या न्यायालयानं दखल घ्यायला नकार दिला, कारण पुन्हा तेच: मुदत संपली. घटना खरी की खोटी, यात न्यायालय गेलंच नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना मुदतीची अट होती, आजच्या कायद्यातही आहे. उशिराचं कारण पटलं तर न्यायालय ती शिथिल करू शकतं. इथे तसा अर्जच आलेला नव्हता. बलात्काराला मुदत नाही. विनयभंगाची शिक्षा 2013मध्ये पाच वर्षांपर्यंत वाढली, त्यामुळे आज तसं काही घडलं तर ही अट आड येत नाही. 2008ची घटना मात्र 2008च्या मापानं मोजली जाते. कामाच्या ठिकाणच्या तक्रार समितीकडे जायचं तर हातात तीनच महिने. समितीला कारण पटलं तर आणखी तीन.

ब्रुकलिनला केलीवरचा खटला मात्र संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली चालला, म्हणून जुन्या घटना एका साखळीत मांडता आल्या. आलियाचं ते लग्नही त्यात आलं. ते लावणारा पाद्री सत्तावीस वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होता.