सापाच्या रंगावर जाऊ नका

मृगाचा पाऊस लागला, बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत गवताच्या गंजीत, गोठ्यात, घरात येतात. साप निघाल्याचे कळताच पहिला प्रश्न होतो, "रंग कसला होता?" काळा म्हणजे नाग, पट्ट्यांचा म्हणजे मण्यार, असे आपले ठोकताळे ठरलेले. पुष्कळदा ते खरेही ठरतात. पण एखाद्या वेळी चुकले, तर ते जिवावर बेतते.

नागच घ्या. गव्हाळ, तपकिरी, काळाकुट्ट असे सारे नाग आपल्या राज्यात आहेत. फडीवरचा दहाचा आकडा काहींत ठळक, काहींत पुसट, तर काहींत मुळीच नसतो. क्वचित एखादा पांढरा, गुलाबी डोळ्यांचा नाग निघतो. मग हळदकुंकू येते, धनाचा राखणदार म्हणून लोक जवळ जातात. वास्तविक त्याच्या कातडीत जन्मतः रंगद्रव्य नसते, एवढेच. विष डोळ्यांमागच्या ग्रंथींत तयार होते, कातडीत नव्हे. पांढरा नागही काळ्याइतकाच विषारी.

खरा घोटाळा मण्यारीचा. निळसर काळ्या अंगावर पांढरे बारीक पट्टे, बहुधा जोडीजोडीने, ही तिची ओळख. पण काही मोठ्या मण्यारींचे पट्टे पुसट होतात. काळा, चकचकीत, साधासा साप वाटतो. उलट बिनविषारी कवड्या पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेजवळ नसतात वा तुटक असतात, आणि शेपटीपर्यंत स्पष्ट असतात. मात्र हे लांबून, उजेडात पाहायचे. कंदील घेऊन वाकून पट्टे मोजायचे नाहीत!

कोकणच्या कातळावरचे फुरसे तांबूस असते, तर इतरत्र ते करडे किंवा मातकटही आढळते. घोणसही गडद तपकिरीपासून पिवळसरपर्यंत असते. तिच्या अंगावरच्या साखळीसारख्या तीन रांगा आणि कुकरच्या शिटीसारखा फूत्कार रंगापेक्षा जास्त भरवशाचा. त्यातून कात टाकायच्या आधी काही दिवस कोणताही साप निस्तेज, राखाडी दिसतो आणि त्याचे डोळे दुधाळ होतात. चिखलात लोळलेल्याची तर गोष्टच सोडा.

दंश झाल्यास साप ओळखण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर एकच आहे. मुंबईच्या हाफकिनमध्येही ती घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. डॉक्टर लक्षणे पाहून ती देतात. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही तर नाही. चिरा घेऊ नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालवू नये, दंशाचा हात-पाय हलू न देता १०८ ची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा.

मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, तर साप कोणी पाहिला नसला तरी घरी थांबू नये.