कोणता दिवस पाळावा ?

अलीकडे वर्षाच्या ३६५ दिवसांपैकीं एकहि दिवस रिकामा राहिलेला दिसत नाहीं. आज चॉकलेटचा, उद्यां इडलीचा, परवां मैत्रीचा. आमच्या नातवंडांच्या मोबाइलवर सकाळीं उठल्याबरोबर त्या त्या दिवसाच्या शुभेच्छा येऊन पडतात. पंचांगांतील तिथींचा क्षय तरी होतो. या दिवसांची मात्र वृद्धीच होते.

तथापि त्यांना सरसकट नांवें ठेवणें न्यायाचें नाहीं. वर्षांतून एक दिवस बैलास, एक नागास, एक वडाच्या झाडास देणारे आमचे पूर्वजहि कांहीं कमी हौशी नव्हते. तेव्हां दिवस नवा कीं जुना हा प्रश्न नसून, पाळण्याजोगा कोणता हा प्रश्न आहे.

आमच्या मतें कसोटी एकच : त्या दिवशीं आपल्या हातून कांहीं घडतें काय ? पोळ्यास बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत, हें त्या सणाचें मर्म. झूल आणि बेगड मागाहून. नाशिकचे श्री. महंमद दिलावर यांच्या पुढाकारानें २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी-दिन पाळला जातो. ज्या घरीं त्या दिवशीं गच्चीवर पाण्याचें भांडें ठेविलें आणि २१ मार्चलाहि तें भरलें, तेथें तो साजरा झाला. ज्या घरून चिमणीचें चित्र दहा जणांस धाडलें, तेथील चिमणी तहानलेलीच राहिली.

गेल्या मे महिन्यांतील दुसऱ्या रविवारीं आमच्या घरीं मातृदिन झाला. आपल्याकडे पिठोरी अमावास्येस मातृदिन म्हणतात, हा अमेरिकेकडचा. तेथें १९०८ सालीं तो सुरू करणाऱ्या ॲना जार्विस बाईच पुढें त्याच्या बाजारास विटून त्याविरुद्ध झगडल्या, हें सांगण्यास आम्हीं तोंड उघडलें, तों केक पुढें आला. सौ.नें सर्वांचा स्वयंपाक केला, छायाचित्रापुरता हातांतील झारा खालीं ठेविला, आणि रात्रीं साडेदहापर्यंत ती मोरीशीं होती. दिवस तिचा, पण भांडींहि तिचींच ! दोष मुलांस देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हीहि केक खाऊन निजलों होतों.

त्यानंतर चार-पांच दिवसांनीं आमच्या गांवीं दुसराच एक दिवस आला. अहिल्यानगरचा (२०२४ पूर्वींच्या अहमदनगरचा) अक्षांश सुमारें १९ अंश ५ कला. १५-१६ मेच्या सुमारास सूर्याची उत्तर क्रांति तितकीच होते, आणि त्या मध्याह्नीं उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशींच लोपते. यास शून्य सावलीचा दिवस म्हणतात. कर्जतास तो दोन दिवस आधीं येतो, कोपरगांवास तीन-चार दिवस मागाहून; रोज सुमारें २५ किलोमीटर असा तो आपल्या जिल्ह्यांतून उत्तरेस चालत जातो. जुलैच्या अखेरीस परततो, पण तेव्हां बहुधा ढग आडवे येतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेस असलेल्या दिल्लीस तर तो कधींच लाभत नाहीं. त्याची भेटकार्डें नाहींत, मिठाई नाहीं.

सूर्यसिद्धान्ताच्या त्रिप्रश्नाधिकारांत बारा अंगुळांचा शंकु सांगितला आहे. तो आम्हीं फळ्यावर पुष्कळदां काढला. गच्चीवर एकदांहि उभा केला नव्हता. या खेपेस नातवंडांनीं स्वयंपाकघरांतील उभा पितळी डबा शंकु म्हणून मांडला. पिठलें-भात आम्हीं व मुलांनीं शिजविला, कारण सौ.ला वेळेवर वर यावयाचें होतें. प्रमाणवेळेच्या घड्याळांत साडेबारास दोन-तीन मिनिटें असतांना डब्याची सावली नाहींशी झाली. मुलें ओरडलीं. सौ. म्हणाली, "अहो, नेवाशाला आमच्या वाड्यांतल्या आडांत याच दिवसांत तळाला ऊन उतरायचें. आम्ही मुली वांकून पाहत असूं."

आम्ही निरुत्तर झालों. इजिप्तांतील सायीनी गांवीं दक्षिणायनाच्या आरंभीं मध्याह्नीं सूर्य माथ्यावर येतो, तेथील विहिरीच्या तळाशीं ऊन पोहोंचतें, आणि तेवढ्या धाग्यावरून एरॅटोस्थेनीसानें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत पृथ्वीचा परीघ काढला, हें आम्हीं वर्गांत तीस वर्षें रंगवून सांगितलें. तशीच विहीर डोळ्यांनीं पाहिलेली व्यक्ति चाळीस वर्षें आमच्या घरांत वावरत होती. तिला आम्हीं कधीं विचारलें नाहीं!

यंदा आमच्या दिनदर्शिकेवर दोन नवे दिवस लिहिले आहेत : २० मार्च आणि १६ मे. मुलांच्या हौशीचा मातृदिनहि राहील. मात्र त्या रात्रीं भांडीं आम्ही घासणार आहों. वाचकांनीं आपापल्या गांवाचा अक्षांश पाहून आपली तारीख काढावी, आणि त्या दुपारीं डबा मांडण्यापूर्वीं घरांतील वडील स्त्रीस गच्चीवर बोलवावें.